एनसीव्ही नॉर्मल आली, पण तळपायाची आग खरीच आहे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: "हातापायांना मुंग्या येतात? बी-१२ कमी झालंय, बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. एमआरआय आणि एनसीव्ही नॉर्मल असेल तर सगळं मनाचं आहे. न्यूरोलॉजिस्टकडे पैसे घालवू नका." (एनसीव्ही म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातो, ते मोजणारी तपासणी.) वाचून राग आला, कारण त्रासलेली माणसं असल्या मेसेजवर विसंबून महिनोन्महिने थांबतात.

बी-१२ची कमतरता हे खरं कारण आहे आणि नेहमी आढळणारंही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं घेणाऱ्यांनी तर ती पातळी तपासावीच. पण मधुमेह, थायरॉइड, दारू, केमोथेरपीतली काही औषधं, कुष्ठरोग यांनीही नसा बिघडतात. रक्त तपासण्याआधीच गोळ्या सुरू केल्या की पातळी वर दिसते आणि निदान आणखी अवघड होतं. शिवाय बी-६ मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस घेतलं तर त्यानेच नसांना इजा होऊन बधिरपणा येतो.

आता 'रिपोर्ट नॉर्मल'चं बघू. माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच. एनसीव्हीत जाड, वेगाने संदेश नेणाऱ्या तंतूंची तपासणी होते. वेदना, गरम, गार कळवणारे तंतू अगदी बारीक असतात, ते या तपासणीत सापडतच नाहीत. रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि तरी एनसीव्ही निर्दोष येते. अशा वेळी घोट्याच्या वर त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कमरेच्या एमआरआयमध्ये मणके, चकत्या आणि तिथून निघणाऱ्या नसांची मुळं दिसतात. तळपायातल्या नसा नाही.

काळजीने वेदना वाढते, हे मान्य. पण नीट तपासणी न करता "मनाचं आहे" म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

आणि पैसे घालवण्याचं म्हणाल, तर न्यूरोलॉजिस्टची निम्मी तपासणी हातानेच होते. टाचणी टोचून बघतात, कंप जाणवतो का ते बघायला पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवतात, घोट्यामागे हातोडी मारतात. नेमकी कुठली बोटं बधिर आहेत, हे विचारतात. हाताच्या अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंत असेल तर नस मनगटात दबल्याचा संशय, करंगळीकडे असेल तर बहुधा कोपरात. दोन्ही पावलांपासून सारखं वर चढत असेल तर शोध वेगळ्याच दिशेने जातो. सीआयडीपीसारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते अशा आजारात स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन लागू पडतं, मात्र उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. सगळं करूनही काहींचं कारण सापडत नाही, हेही खरं. तरी त्यांच्या वेदनेवर उपचार असतात.

अचानक एका बाजूला बधिरपणा आला, काही दिवसांत पायांकडून वर अशक्तपणा चढू लागला, किंवा जांघांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिर होऊन लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच क्षणी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.