‘हे तर समाजकार्य झालं’ : एका कमेंटला माझं उत्तर

दादा, प्रॅक्टिकल थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती शिकवण माणसांच्या प्रत्यक्ष जगण्यात कशी पोचते याचा अभ्यास, यावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की प्रॅक्टिकल थिऑलॉजी म्हणजे समाजकार्याला दिलेलं भारी नाव, चर्चच्या पाळकांनी बायबलमधलं वचन सांगावं, पूरग्रस्तांना चादरी वाटायला संस्था आहेतच की. मला हे अजिबात पटत नाही.

चादरी वाटाव्यातच, पण मी लिहिलं होतं ते वेगळं. श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने 1811 साली ईश्वरविज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) तीन शाखा मांडल्या त्यात प्रॅक्टिकल ही एक पूर्ण शाखा होती, तिला त्याने मुकुट म्हटलं. म्हणजे हे काही आत्ताचं फॅड नाही. इथे काय चाललंय, का चाललंय, शास्त्र यावर काय म्हणतं आणि मग आपण काय करायचं, एवढं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही त्यातली शिस्त.

2019 च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 च्या वर गेलं, ते ओसरल्यावर आम्ही काहीजण एका घरी प्रार्थनेला गेलो, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, गाद्या रस्त्यावर, तांदळाच्या डब्याला आंबूस वास, आणि आमच्यातलेच एक वडीलधारे त्या मावशींना म्हणाले, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच शिक्षा करतो. बायबलच्या इब्री पत्रातलंच आहे ते, चूक कोण म्हणणार? मावशी नुसतं ‘होय’ म्हणाल्या आणि परत भांडी घासायला बसल्या. त्यानंतर कितीतरी महिने त्या उपासनेला आल्या नाहीत.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवा; निर्दोष असून सगळं गमावलेला, देवाकडेच तक्रार करणारा तो ईयोब. सात दिवस सात रात्री गप्प त्याच्याजवळ बसले तोवर ठीक होतं, मग बोलायला लागले, देव न्यायी आहे, पाप केलं की शिक्षा होते, सगळं ऐकायला शास्त्रशुद्ध. आणि शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजला काय सांगतो? तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. तक्रार करणारा बरोबर निघाला! म्हणून शिकवण कुणापुढे, कधी आणि काय होऊन पोचते, हा प्रश्न मला शिकवणीच्या आतलाच वाटतो. तो संस्थांवर कसा सोपवणार?

आणि वचन सांगू नका असं मी कुठे म्हणतोय? बायबलमधलं स्तोत्र 13 बघा, सुरुवातच ‘परमेश्वरा, कुठवर’ अशी आहे, त्या घरात ते वाचता आलं असतं. तुम्ही तिथे असता तर कोणतं वचन काढलं असतं, जरूर लिहा, मला खरंच ऐकायचंय.