कुष्ठरोगाची लस ‘निघूच शकत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, म्हणून त्यावर लस निघणे अशक्य, रोग तर 2005 सालीच संपला, औषधही फुकट मिळते, तेव्हा लशीवरचा खर्च वाया.

पहिले विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पटते. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 साली शोधलेला हा जंतू कृत्रिम माध्यमात आजवर वाढवता आलेला नाही. परंतु आर्माडिलो या कवचधारी प्राण्याच्या शरीरात तो वाढतो, हे 1971 पासून ठाऊक आहे. आणि मारलेले कुष्ठजंतू बीसीजी या क्षयरोगाच्या लशीबरोबर देऊन तामिळनाडूत जी मोठी चाचणी झाली, तीत सुमारे 64 टक्के संरक्षण दिसले, नुसत्या बीसीजीने सुमारे 34 टक्के. मुंबईत विकसित झालेली आयसीआरसी लसही त्याच चाचणीत 65 टक्क्यांच्या आसपास पोहोचली, आणि तिच्यात तर प्रयोगशाळेत वाढणारा, कुष्ठजंतूचा भाऊबंद शोभणारा जंतू होता. लेपव्हॅक्स या नव्या लशीला अख्खा जंतूच लागत नाही: कुष्ठजंतूची चार प्रथिने जोडून केलेले एकच प्रथिन दुसऱ्या, सहज वाढणाऱ्या जिवाणूकडून बनवून घेतले जाते. तिची मानवी चाचणी अद्याप प्राथमिक पायरीवर आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

2005 साली दर 10,000 लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही राष्ट्रीय सरासरी गाठली गेली. रोग संपला नाही. आजही भारतात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक.

औषध फुकट मिळते आणि ते जंतू मारते, यात वाद नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलकडच्या एखाद्या पाड्यावर आशाताई फिकट चट्ट्यावर पेनचे टोक टेकवते आणि डोळे मिटलेल्या माणसाला ते कुठे टेकले हे दाखवता येत नाही, तेव्हा जंतू शरीरात शिरून बहुधा काही वर्षे उलटलेली असतात, आणि मेलेली नस गोळ्यांनी नेहमीच परत येत नाही. घरातल्या इतरांना रिफाम्पिसिन या जंतुनाशक औषधाचा एक डोस देतात. बांगलादेशातील चाचणीत त्याने पहिल्या दोन वर्षांत धोका सुमारे 57 टक्क्यांनी घटला, त्यानंतरच्या वर्षांत मात्र आणखी संरक्षण दिसले नाही. लशीची गरज नेमकी त्यापुढच्या वर्षांसाठी आहे.

संदेशकर्त्याने खर्चाऐवजी वेळेचा मुद्दा काढला असता तर तो रास्त ठरला असता: लक्षणे दिसायला सरासरी पाच, कधी वीस वर्षे लागणाऱ्या रोगाची लस पारखायची, तर हजारो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते.