एकदा लावा, मग पाहायला नको

काका म्हणजे आमचे पूर्वेकडचे शेजारी. ही दिशा लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

त्यांच्या अंगणात गुलाबाचे ताटवे आहेत. आमच्या अंगणात पाण्याची मोटर, मुलाची गंजलेली सायकल आणि एक कढीपत्ता, तोही स्वतःच्या हिमतीवर वाढलेला. तीन वर्षांपूर्वी मला कधी नव्हे ती इरेला पडायची हौस आली आणि मी सीताबर्डीच्या बाजारातून सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट आणलं. साधंच, शेतात तेलासाठी लावतात ते. झाडं तरारून वर आली, कळ्या धरल्या. कोवळी सूर्यफुलं दिवसभर उन्हामागे मान वळवतात. मीही चहाचा कप घेऊन त्यांच्यामागे वळायचो. पण फूल पूर्ण उमललं की देठाची वाढ थांबते आणि मान कायमची पूर्वेकडे अडकते. सकाळचं ऊन लागून फूल लवकर गरम होतं, त्यामुळे मधमाश्या जास्त येतात, असं त्यामागचं शास्त्र. असेल. पण बी माझं, पाणी माझं, शेणखत माझं, आणि बाराच्या बारा फुलं माझ्याकडे पाठ करून काकांच्या गॅलरीकडे टक लावून उभी!

"फुलं मस्त आली रे तुझी," काका वरून म्हणायचे. "समोरून तर लयच सुंदर दिसून राहिली."

मला फक्त हिरव्या पाठी दिसत. पुढे बी भरलं, आणि आता काढू, उद्या काढू म्हणेपर्यंत एका सकाळी पोपटांनी पंगत उठवली. तीन महिन्यांत खेळ खल्लास.

"आता दरवर्षी हाच उद्योग का?" बायकोने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. मी स्वभावाने आजीवन वर्गणी भरणारा माणूस. एकदा काय ते द्यायचं आणि सुटायचं. त्यामुळे उत्तराखंडात फिरून आलेल्या मेहुण्याने पिशवीतून पाच कंद काढले, तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. आल्याचं बटाट्याशी लग्न लावलं तर जे अपत्य होईल, तसे ते दिसत होते.

"भाऊजी, हे बहुवर्षीय सूर्यफूल. एकदा लावा, मग पाहायला नको."

याचं शास्त्रीय नाव हेलिअँथस ट्यूबरोसस. इंग्रजीत त्याला जेरुसलेम आर्टिचोक म्हणतात, पण ते ना जेरुसलेमचं, ना आर्टिचोक. मूळ गाव उत्तर अमेरिका, नाव जेरुसलेमचं आणि मुक्काम पोस्ट नागपूर. अशा माणसाला आपण घर भाड्याने दिलं नसतं.

पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या काळ्या मातीत पाय घालू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी खुरपं घेऊन उतरलो. पहिल्या पावलाला चपलेखाली चिखलाचा एक थर आला. दुसऱ्या पावलाला त्यावर दुसरा. चौथ्या पावलाला माझी उंची दोन इंचांनी वाढली होती, आणि पाचव्या पावलाला चप्पल जागेवरच राहिली, मी पुढे गेलो. तशाच एका पायावर उभं राहून मी पाच खड्डे केले. वरून काका पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण काकूंना पाहायला बोलावलं.

झाडं वाढली ती वाढतच गेली. जुलैत कमरेला, ऑगस्टमध्ये कंपाउंडच्या भिंतीवर, पोळ्यापर्यंत माझ्या डोक्यावर दोन हात. फुलाचा मात्र पत्ता नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी काकांनी भिंतीवरून डोकावून हाळी दिली, "बिनफुलाचं सूर्यफूल घेऊन जा गे मारबत!" काळी मारबत गेली, पिवळी मारबत गेली, माझं पिवळं काही येईना. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय हा गडी फूल धरत नाही, ते मला नंतर कळलं.

दसऱ्याच्या आसपास फुलं आली. भरपूर आली, पण तीन बोटं रुंद. ताटाएवढ्या फुलाच्या आशेने बसलेल्या काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे सूर्यफूल? हे तं शेवंतीचं चुलतभावंडं दिसून राहिलं." (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरच बोलले, दोघं एकाच कुळातली. पण तेव्हा मी ते कबूल करणार नव्हतो.)

डिसेंबरात सगळं वाळून काटक्या झाल्या. मी हळहळत झाडं कापली आणि माळीदादाला म्हटलं, "गेलं बुवा."

त्याने तंबाखू मळता मळता बुंध्याला पायाने ढोसलं. "मेलं नाही जी साहेब. झोपून राह्यलं."

मग उन्हाळा आला. पारा पंचेचाळीसच्या वर, मातीला हात जाईल एवढ्या भेगा. नवतपात काकांचे दोन गुलाब गेले, कढीपत्त्याने पानं टाकली. पण आमच्या कुलरच्या टाकीला एक चीर आहे, ती बुजवायला मी चार वर्षांपासून काढलेली आहे. तिचं पाणी दिवसरात्र थेंबथेंब गळत होतं, आणि ते नेमकं त्याच वाफ्यात. म्हणजे मे महिन्यात अख्ख्या गल्लीत वातानुकूलित झोप फक्त त्या कंदांनाच मिळाली.

जूनमध्ये ते उठले. मी पाच लावले होते. मोजले तेव्हा त्रेचाळीस कोंब होते. वाफ्यात होतेच, शिवाय मोटरच्या चौथऱ्याला चिकटून, फरशीच्या सांध्यातून, तुळशीच्या कुंडीतून, आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या तारांमधून एक. दोन भिंतीखालून पलीकडे गेले होते, थेट गुलाबांच्या रांगेत.

"तुझं झाड माझ्या हद्दीत आलं रे," काका म्हणाले. मी माफी मागून उपटून दिलं. पंधरा दिवसांनी तिथे चार होते. नवरात्रात सप्तशतीचा पाठ ऐकताना रक्तबीजाची गोष्ट आली, थेंब पडला की नवा राक्षस, आणि मी एकदम ताठ बसलो. हे तर आपल्याच अंगणातलं चाललंय! जमिनीत अंगठ्याएवढा तुकडा राहिला तरी त्याचं पुढच्या वर्षी झाड होतं. मी खुरप्याने कंद कापत होतो, म्हणजे मनोभावे लागवड करत होतो.

गंमत म्हणजे फुलं येताच काकांचा कायदा बदलला. काकू रोज सकाळी पूजेसाठी परडीभर फुलं खुडू लागल्या. मी नुसतं पाहिलं, तर काका म्हणाले, "पाहतो काय? मुळं आमच्या जागेत, म्हणजे फुलं आमची." डिसेंबरात झाडं वाळली आणि काकांनी भिंतीवरून सांगितलं, "तुझा कचरा घेऊन जा रे बाबू."

मी सगळं खणून काढायचं ठरवलं. दोन रविवार गेले, दोन घमेली कंद निघाले. एवढ्याचं करायचं काय? खातात, असं वाचलं होतं. बायकोने अर्धा तास घासले, कारण त्या गाठीगाठींतली काळी माती निघता निघत नाही, मग मोहरी, हिंग, लाल मिरची आणि काळ्या मसाल्यावर परतले. चव खरंच झकास, किंचित गोड, बटाट्याला शिकवण्या लावल्यासारखी. मी तीनदा वाढून घेतली. सलोखा व्हावा म्हणून एक मोठी वाटी काकांकडे पाठवली. काकांनी निरोप धाडला, "अजून असेल तं पाठव." पाठवली.

रात्री अकराच्या सुमारास पोटात पहिली मारबत निघाली.

या कंदात बटाट्यासारखा स्टार्च नसतो, इन्युलिन असतं. ते माणसाला पचत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे जिवाणूंच्या तावडीत सापडतं, आणि मग ते आंबवतात आणि गॅस करतात. हे सगळं मी रात्री दोन वाजता, कुशीवर पडून, मोबाईलवर वाचलं. जॉन गुडइयर नावाच्या इंग्रज वनस्पतिज्ञाने १६२१ साली लिहून ठेवलंय की हे कंद कसेही शिजवा, पोटात घाण वारा उठवतात आणि ते माणसांपेक्षा डुकरांना जास्त शोभतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्समधले बटाटे उचलून नेले, तेव्हा लोकांनी हेच खाऊन दिवस काढले आणि युद्ध संपल्यावर कित्येकांनी त्याचं पुन्हा तोंड पाहिलं नाही. चारशे वर्षांचा पुरावा होता, आणि मी तो जेवणानंतर वाचत होतो.

"काहून खुदखुद करून राहिले?" बायको अंधारात म्हणाली. मी खुदखुदत नव्हतो.

काका रोज सहाला बागेतल्या हास्यक्लबात जातात. तिथे दोन्ही हात वर करून, पोटापासून मोकळं हसण्याचा एक प्रकार असतो. मीही जातो. त्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले. काका आणि मी, दोघंच हात पोटाशी धरून, ओठ घट्ट मिटून, एकमेकांकडे न पाहता उभे होतो.

घरी आलो तर काकूंनी वाटी परत पाठवली होती. लख्ख घासलेली, वर ताटली झाकलेली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हा काकूंचा शिरस्ता. कधी चिवडा येतो, कधी साखर. मी ताटली उचलली.

आत वाटीभर ओवा होता.