ग्राफिक्स म्हणजे गेम नव्हे रे!

जळगावात उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्र जमले की दरवर्षी 'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेमवरून तोच वाद. "काय भो, दुसरा भागच भारी ना, ग्राफिक्स बघ!" डोकं फिरतं माझं.

अरे, रोल-प्लेइंग गेम आहे तो! भूमिका कोणती मिळते, निवड किती करता येते, ते आधी बघा ना. पहिला भाग 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' २००९ चा. सहा वेगवेगळ्या सुरुवाती. ड्वार्फांच्या, म्हणजे बुटक्या लोकांच्या, राजघराण्यात जन्मा, नाहीतर शहरातल्या कोंडलेल्या वस्तीतला टोकदार कानांचा एल्फ व्हा. पुढे लोक तुमच्याशी कसे बोलतात तेही त्यावर बदलतं. आणि २०११ चा दुसरा भाग? फक्त हॉक हे एकच पात्र. तेही माणूसच. गुहा तीच, पुन्हा पुन्हा. एक दार बंद केलं, दुसरं उघडलं, की झाली नवी गुहा! वरून रणांगण बघत डाव आखायचा तो कॅमेराही गेला. सोबत्यांची चिलखतं बदलायची सोय नाही.

लढाई चपळ झाली, मान्य. सोबत्यांशी मैत्रीसारखंच वैरही वाढवता येतं, ही कल्पना तर मला मनापासून आवडते. पण दीड वर्षाच्या आत आणलेला गेम तो, घाई जागोजागी दिसते. भरिताला वांगंच बामणोदचं नसेल तर वरून कितीही शेंगदाणे टाका, ती चव येईल का?

एवढं सांगितलं की उत्तर ठरलेलं: "तू जुन्यातच अडकला." आणि हे कोण म्हणतं? ज्याने पहिला भाग दोन तासही खेळलेला नाही!