बुडालेली गाडी: दुरुस्ती की टोटल लॉस? काही उपयुक्त सूचना

पार्किंगमधलं पाणी ओसरलं आणि सीटवर चिखल दिसला, की सर्वांत आधी सेल्फ मारा. टोइंगवाल्याला बोलावणं, विमा कंपनीला कळवणं, फोटो काढणं ही भित्र्या माणसांची कामं. आपली गाडी चालते की नाही हे आपल्यालाच कळायला नको? ‘खट्’ असा आवाज येईल. पुन्हा मारा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिसऱ्यांदा सेल्फ मारायची गरज सहसा पडत नाही.

मग गाडी धुवून घ्या. दारावर चिखलाची जी आडवी रेघ उमटलेली असते, ती तर घासून पुसा. पाणी कुठवर चढलं होतं, कार्पेटपर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डच्या वर, हे सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीकडून नुकसान मोजायला येणारा माणूस, त्या रेघेवरून ठरवतो. अंदाज बांधायला त्याला थोडा वाव असू द्यावा. तोही शिकलेला माणूस आहे.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. मुंबईकरांचा अनुभव त्याहून जुना, २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. इतकं होऊनही आपण पॉलिसी वाचायला लागलो नाही, याला म्हणतात बाणेदारपणा.

दुरुस्त करायची की टोटल लॉस घ्यायचा, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची विम्यातली किंमत घ्यायची, हा विषय आता महिनाभर तुमच्या घरात चघळला जाईल. चघळू द्या. अर्धा निर्णय तुम्ही सेल्फ मारून घेतलाच आहे, आणि उरलेला अर्धा पॉलिसी रिन्यू करताना मोबाइलवर बोट फिरवून घेतला होता. आठवतं का? आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा कंपनीने मान्य केलेली किंमत, खाली ओढली की प्रीमियम कमी होतो, हा शोध तुम्हाला लागला होता. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत या किमतीला घसाऱ्याचा तक्ता असतो: एक ते दोन वर्षांच्या गाडीला वीस टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास. पाच वर्षांनंतर मात्र किंमत ठरते ती कंपनी आणि तुम्ही यांच्या परस्परसंमतीने. तुमची संमती म्हणजे रात्री साडेअकराला, पॉलिसी संपायला अर्धा तास उरलेला असताना दाबलेलं ‘कंटिन्यू’. चार लाखांची गाडी तुम्ही तीन लाख वीस हजारांवर आणलीत, हजारेक रुपये वाचवलेत आणि बायकोला सांगितलंत, “असं असतं बघ, अभ्यास करावा लागतो.”

हा अभ्यास टोटल लॉसच्या वेळी कामाला येतो. गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की तिला टोटल लॉस धरतात. किंमत चार लाख असती तर ही रेषा तीन लाखांवर असती. तुमच्या काटकसरीमुळे ती दोन लाख चाळीस हजारांवर आली. म्हणजे अडीच लाखांत ठणठणीत होणारी गाडीसुद्धा आता टोटल ठरू शकते, आणि हातात येतात ऐंशी हजार कमी. हजार वाचवून ऐंशी हजार घालवणं सगळ्यांना जमत नाही.

आयडीव्ही खाली ओढायला विसरला असाल तर मात्र दुसरी मजा आहे. सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायजर तुम्हाला एस्टिमेट देईल: चार लाख वीस हजार. चार लाखांच्या गाडीला! तुम्ही लगेच मेव्हण्याला फोन करून सांगाल, “टोटल झाली रे.” सांगा. पण पॉलिसीतल्या त्या ७५ टक्क्यांच्या वाक्याच्या मधोमध ‘अटी व शर्तींच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत. ते कोणी वाचू नयेत म्हणूनच छापलेले असतात, तेव्हा तुम्हीही वाचू नका. विमा कंपनी एस्टिमेट बघत नाही, त्यातलं आपल्या अंगावर किती येतं ते बघते.

तुमची गाडी सहा वर्षांची धरू. एस्टिमेटमधले दीड लाख इंजिनाचे. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर तुम्ही घेतलेलं नाही आणि बुडालेलं इंजिन स्वतःच फिरवलंत, त्यामुळे ते दीड लाख हिशोबातून बाहेर. उरले दोन लाख सत्तर हजार. त्यात प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर पन्नास टक्के घसारा, पत्र्यावर आणि इतर धातूच्या भागांवर चाळीस. काचेवर घसारा नाही, पण पुराने काच फुटत नाही, हे तुमचं नशीब. ‘झिरो डेप’ घेतलं असतं तर हा घसारा लागला नसता. ते महाग वाटलं होतं. सगळं वजा होऊन कंपनीच्या अंगावर येतात समजा एक लाख सत्तर हजार. वर हजार रुपयांची सक्तीची वजावट. तीन लाखांची रेषा कुठे आणि आपण कुठे! सारांश, सर्व्हेअर म्हणेल, “गाडी रिपेअरेबल आहे.” उरलेले अडीच लाख तुमच्या खिशातून, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तोही गेला. पुढच्या वर्षीचा प्रीमियम बघताना बसून बघा.

इथे काही लोक दुरुस्तीचा नाद सोडून सॅल्व्हेजचे भाव काढतात, आहे त्या स्थितीत गाडी विकली तर जास्त पडेल का ते बघतात. अशा लोकांच्या नादी लागू नका. ही तुमची पहिली गाडी आहे. सारसबागेच्या गणपतीसमोर तिची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी पेढे खाल्ले. अशा गाडीबद्दल कॅल्क्युलेटर काढणं शोभतं का? आई म्हणतील, “लक्ष्मी आहे ती, भंगारात नाही द्यायची.” अडीच लाख भरा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं आणि तेही बुडलं होतं, हे आईंना सांगू नका. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा गंज धरायला काही महिने लागतात. मग एखाद्या रात्री ताम्हिणी घाटात वायपर आपोआप सुरू होतील आणि हेडलाइट आपोआप बंद. हॉर्न वाजत राहील, त्याची काळजी नको.

मेव्हण्याची योजना यापेक्षा व्यवहारी असते. तो म्हणेल, “शोरूमला कशाला देतोस? बाहेर करू. डेंटिंग-पेंटिंगवाला आपला आहे.” सीट उन्हात वाळवायच्या, कार्पेट बदलायचं, आत चंदनाचा परफ्यूम टांगायचा आणि गाडी अशा जिल्ह्यात विकायची जिथे यंदा पाऊसच झाला नाही. घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग बघितला, स्टेपनीच्या खोबणीत हात घातला, तर तो माणूस संशयी आहे. त्याच्याशी व्यवहार करू नका.

आणि समजा, सगळे ग्रह जुळले आणि खरोखरच टोटल लॉस मंजूर झाला. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातील. तुम्ही फक्त मेसेज वाचायचा. बहुतेक वेळा कंपनी म्हणेल, सांगाडा तुम्ही ठेवा, त्याची किंमत वजा करून पैसे देतो. सांगाड्याला बोली लावणारे भेटतातच. त्यातला एक आरसीसकट पाहिजे म्हणेल आणि नुसत्या पत्र्यापेक्षा बराच जास्त भाव देईल. का देतो, हे विचारू नका. चोरीच्या गाडीला चेसिस नंबर आणि कागद लागतात, ही पोलिसांची माहिती. तुम्हाला काय करायची?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावं आणि आरसी जमा करावी. आरटीओत जायला अर्धा दिवस मोडतो. भंगारवाले भाऊ म्हणालेत ना, “नावावर करून घेतो साहेब, टेन्शन नका घेऊ”? मग घेऊ नका. व्हॉट्सॲपवर आरसीचा फोटो पाठवा, फॉर्मवर कोऱ्या सह्या करा, रोख मोजून घ्या.

वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी परजिल्ह्यातून अपघाताच्या दाव्याची नोटीस येईल. गाडी तुमचीच, नंबर तुमचाच, विमा अर्थातच नाही. नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय. तुम्ही म्हणाल, ती गाडी तर बुडाली होती. पुरावा म्हणून फोटो मागतील. ते तुम्ही काढले नव्हते. चिखलाची रेघ पुसली होती. भंगारवाल्या भाऊंचा फोन बंद लागेल. अशा वेळी डगमगू नका, मेव्हण्याला विचारा. त्याच्या ओळखीचा एक वकील आहे, बाहेरून करून देतो.