एका लाल शब्दाचं ऑडिट

वर्डमध्ये 'ए' या अक्षराखाली एक लाल पट्टी असते, ती दाबली की अक्षरं लाल होतात. ही माहिती मला मागच्या रविवारी माझ्या सासऱ्यांनी दिली. मी पोटासाठीसुद्धा प्रोग्रामिंगच करतो, आणि त्या वेळी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलो होतो, हे लक्षात घेता त्यांनी ती द्यायला नको होती. पण नाना देतात. मागितलेली माहिती ते क्वचितच देतात, न मागितलेली मात्र कधी राखून ठेवत नाहीत.

मी फावल्या वेळात मेगा ड्राइव्हसाठी गेम लिहितो. सेगा कंपनीचं, टीव्हीला जोडून गेम खेळायचं १९८८ सालचं मशीन. का लिहितो हे विचारू नये, बायकोनेही विचारणं सोडलंय. तर गेममध्ये एका खड्ड्याच्या अलीकडे सूचना येते, सगळी पांढऱ्या अक्षरांत, आणि तिच्यातला 'डेंजर' हा एकच शब्द मला लाल हवा होता. इंग्रजीत सहा अक्षरं. (इंग्रजीत का, तर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत मी एकदा मराठी बसवायला गेलो होतो. शिरोरेघेने एक ओळ खाल्ली, वेलांटीने दोन, उकाराने खालून दोन, आणि उरलेल्या तीन ओळींत 'घ' आणि 'ध' जुळे भाऊ झाले. नाद सोडला.)

"नाना, इथे रंग अक्षराला नसतो," मी म्हणालो.

"मग कोणाला असतो?"

"अक्षर म्हणजे नुसते आकडे. प्रत्येक ठिपक्याला शून्य ते पंधरा असा एक नंबर. त्या नंबरच्या खणात जो रंग ठेवलेला असेल, तो दिसतो."

इथे माझी चूक झाली. नाना आयुष्यभर एका कचेरीत हिशेब तपासत होते. 'खण' हा शब्द कानावर पडताच ते खुर्चीत सावरून बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, सेवानिवृत्तीनंतर मी प्रथमच पाहत होतो अशी, तकाकी आली.

"कपाटं किती?"

"चार."

"एकेकात खण?"

"सोळा."

"म्हणजे चौसष्ट."

"हो, पण प्रत्येक कपाटाचा पहिला खण पारदर्शक. तिथे रंग ठेवला तरी दिसत नाही. त्यातला एक मागच्या पडद्यासाठी कामाला येतो. म्हणजे पडद्यावर एकसष्ट."

"आणि मशीनला एकंदर येतात किती?"

"पाचशे बारा. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या आठ-आठ पायऱ्या."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाचशे बारा येतात. एकसष्ट दिसतात. आणि जावईबापू, तुम्हाला एक लाल मिळत नाही." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ते पेन काढलं. तुम्ही पाहिलं असेल, जाडजूड, डोक्यावर चार खटके: काळा, निळा, हिरवा, लाल. टेबलावर पडलेल्या माझ्याच एका लिफाफ्यावर त्यांनी खट्कन लाल रेघ मारली. "माझ्याकडे चारच आहेत," ते म्हणाले.

टोमणा होता की नाही हे अजून मला ठरवता आलेलं नाही. बायको म्हणते नव्हता. बायको तेव्हा खोलीत नव्हती.

त्यानंतर ऑडिट सुरू झालं. लिफाफ्यावर चार रकाने आखले गेले. पहिल्या कपाटात काय? पार्श्वभूमी आणि अक्षरं. दुसऱ्यात? हिरो. तिसऱ्यात शत्रू, चौथ्यात पाणी, ढग आणि जीव दाखवणारी हृदयं. प्रत्येक खण मला मोठ्याने वाचून दाखवावा लागला. सहाव्या मिनिटाला नानांनी हात वर केला.

"थांबा. काळा चारही कपाटांत आहे?"

"लागतो. बाह्यरेषा काढायला."

"एकच काळा, चार वेळा?"

"एका चौकटीला एकाच कपाटातले रंग घेता येतात. शेजारच्या कपाटात हात घालता येत नाही."

"आमच्याकडे यावर शेरा पडला असता," नाना म्हणाले, आणि हिरव्या शाईत खरोखरच शेरा मारला.

मला राग आला तो इथे. कारण मुद्दा बरोबर होता. पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीची नोंद सोळा बिटांची, म्हणजे सोळा शून्य-एकांची: अकरा चौकटीच्या क्रमांकाला, दोन उलटसुलट करायला, एक पुढे-मागे ठेवायला, आणि रंगांसाठी उरतात फक्त दोन. दोन बिटांत चारच कपाटं मोजता येतात, पाचवं मागायची सोयच नाही. हे समजायला मला दोन आठवडे लागले होते. नानांना लिफाफ्याची एक बाजू पुरली.

"बरं, अक्षरं कुठला खण वापरतात?"

"पंधरा नंबरचा. मी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडची लायब्ररी वापरतो, तिचा तयार फॉन्ट तसाच येतो."

"हिरोच्या पंधरा नंबरच्या खणात काय आहे?"

"पांढरा. त्याचे दात आणि डोळे."

"मग तो काढा, लाल ठेवा, आणि तेवढा शब्द हिरोच्या कपाटातून लिहा."

"दात लाल होतील, नाना."

"होऊ देत. बघू तरी."

दात लाल होणार हे पक्कं माहीत असूनही मी ते का केलं? मागे कोणीतरी उभं असलं की माणूस कोड लिहीत नाही, परीक्षा देतो. व्हीडीपी_सेटटेक्स्टपॅलेट असं एक फंक्शन असतं, ते बोलावून शब्द दुसऱ्या कपाटाकडे वळवला, एकतीस नंबरच्या खणात (चारही कपाटांचे खण शून्यापासून सलग मोजले की दुसऱ्यातला पंधरा नंबर तो हाच) रंग टाकला आणि गेम चालवला. 'डेंजर' निळाभोर. हिरोचे दातही निळे.

"लाल म्हणाला होतात," नाना म्हणाले.

सगळं जग लाल-हिरवा-निळा अशा क्रमाने रंग लिहितं, या मशीनच्या आकड्यात आधी निळा, मग हिरवा, लाल सगळ्यात शेवटी. ई-शून्य-शून्य लिहिलं की निळा, शून्य-शून्य-ई लिहिलं की लाल. चार महिने मी हेच करतोय आणि घाईत अजूनही उलटं लिहितो. दुरुस्त केलं. आता शब्द लाल, दात लाल, बुबुळांभोवती लाल, आणि फंक्शन पहिल्या कपाटावर परत आणायला विसरलो म्हणून स्कोअर, वेळ, उरलेले जीव, सगळंच लालेलाल. हिरो तीन रात्री न झोपल्यासारखा खड्ड्याच्या काठावर उभा.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "हा उडी मारायला आलाय का मुद्दाम?"

ते गेल्यावर मी बराच वेळ चिडलेला होतो, आणि चिड नानांवर नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. 'त्यात काय, रंग तर बदलायचाय' हे वाक्य मी नोकरीतही ऐकतो, रोज ऐकतो, आणि ते म्हणणाऱ्याला रंग बदलून दिला की तो 'आधीचाच बरा होता' म्हणतो. घरी तरी ते ऐकायला लागू नये म्हणून मी असलं मशीन निवडलं जे बाजारात कोणी मागत नाही. तिथेही गिऱ्हाईक आलंच.

अशा वेळी मी १९८३ च्या फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या त्याहून जुन्या गेम मशीनवर, काम करणाऱ्यांचा विचार करतो. तिथे पार्श्वभूमीचे रंग सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या तुकड्याला मिळून ठरतात. म्हणजे दोन अक्षरं शेजारची आणि दोन त्यांच्या खालच्या ओळीतली, चौघांचं एकच कपाट, आणि कपाटात स्वतःचे असे तीनच रंग. एक शब्द लाल केला की खालच्या ओळीचाही तुकडा लाल होतो. शिवाय त्या मशीनमध्ये एक काळा असा आहे की तो काळ्याहूनही काळा. तो वापरला की काही टीव्हींना तो चित्राचा भाग न वाटता सिग्नलची खूण वाटते आणि चित्रच गडबडतं. दुसऱ्याचं दुःख मोठं असलं की झोप बरी लागते.

उपाय मध्यरात्री सुचला, आणि तोही नानांच्या लिफाफ्यावरून. पहिल्या कपाटात, नऊ नंबरच्या खणात, विटांचा लाल होताच. पार्श्वभूमीच्या विटा! नवा रंग लागतच नव्हता, अक्षरंच पंधराऐवजी नऊ नंबरने रंगवायची होती. अख्खा फॉन्ट दुसऱ्यांदा भरला असता तर तीन हजार बाइट गेले असते. पण 'डेंजर'ची अक्षरं सहाच, एकेक चौकट बत्तीस बाइटची, एकूण एकशे ब्याण्णव. कपाट तेच, दात पांढरे, शब्द लाल. मी अंधारात एकटाच हसलो. बायकोने कूस बदलली.

काल रविवार. नाना आले. मी न विचारताच गेम लावून दिला आणि हाताची घडी घालून मागे उभा राहिलो. पहिली पातळी, खड्डा, 'डेंजर', लालभडक. नानांनी मान डोलावली. "मिळाला म्हणायचा," एवढंच. दुसरी पातळीही तशीच. तिसऱ्या पातळीवर संध्याकाळ होते, आणि संध्याकाळ करायला मी पहिल्या कपाटातल्या रंगांतला लाल हळूहळू उतरवतो आणि निळा चढवतो. महिन्यापूर्वी लिहिलेला कोड, मला त्याचा अभिमानही होता. विटा जांभळ्या होऊ लागल्या. आणि विटांचा खण नऊ.

खड्डा आला. 'डेंजर' जांभळा. मऊ, सुंदर, निमंत्रण दिल्यासारखा जांभळा.

मी काही बोलणार तेवढ्यात नानांनी खिशातलं पेन काढलं, चारही खटके एकामागून एक दाबून पाहिले आणि ते पुन्हा खिशात ठेवलं.

"हा माझ्याकडे नाही बरं का," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मुद्दाम ठेवलाय."