पेटीवर लिहायचा शब्द

पुतण्याच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका काल छापून आली. तीत वधूवर ‘डेस्टिन्ड टु बी टुगेदर’ असायला हवे होते. ते ‘बाऊंड टु बी टुगेदर’ झाले आहेत, म्हणजे विधिलिखिताने जुळलेली दोन माणसे नव्हेत, तर एकत्र राहण्यास बांधील असलेले दोन पक्षकार. मजकूर मी दिला होता. हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा हा मजकूर ज्यांनी दुरुस्त करवला, ते गृहस्थ मालवणातल्या त्या डीटीपीच्या दुकानात सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले होते.

झेरॉक्स केव्हाच निघाली होती. परंतु बाहेर ऊन मी म्हणत असल्यामुळे तात्यांना पंख्याखालची खुर्ची सोडवत नव्हती, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कामात जेवढे दिसते तेवढे काम करणाऱ्यालाही दिसत नाही. पडद्यावर माझी ओळ उमटताच त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

“मास्तरांनू, ह्या ‘डेस्टिन्ड’ पेटयेर लिवतत.”

“कुठल्या पेटीवर?”

“मालाच्या. मी बोटीर होतंय. ‘डेस्टिन्ड फॉर रॉटरडॅम’. नवरो काय माल आसा?”

आक्षेप अगदीच फोल नव्हता, आणि तेच मला अधिक झोंबले. या क्रियापदाचे मूळ लॅटिनमधल्या ‘देस्तिनारे’त आहे, अर्थ घट्ट बसवणे, ठरवून टाकणे. मुक्कामाचे ठिकाण दाखवणारा ‘डेस्टिनेशन’ हाही त्याच घरातला, आणि परदेशी जाणारा माल इंग्रजीत आजही ‘डेस्टिन्ड’ असतोच. मी तात्यांना शांतपणे सांगितले की ‘फॉर’ लावून पुढे गावाचे नाव आले तर मालाचा किंवा प्रवासाचा मुक्काम समजावा, आणि ‘टु’ लावून पुढे क्रियापद आले तर प्राक्तन समजावे. तात्यांनी मान डोलावली. मला वाटले, समजले.

“तां खरा. पण डेस्टिन्ड केल्यान कोणी?”

आता हा प्रश्न माझ्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने कधी विचारला नव्हता. हे क्रियापद कर्तरी प्रयोगात जवळजवळ दिसतच नाही. बहुतेक वेळा ते ‘डेस्टिन्ड’ या एकाच रूपात वावरते, आणि ठरवणारा कोण ते गुलदस्त्यात राहते. आपल्याकडे तशी सोय नाही. पाचवी-षष्ठीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, तेव्हा तक्रार करायची तर नाव-गाव तरी ठाऊक असते. हे मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो.

“मगे सटवायचा नाव घाला पत्रिकेर.”

एवढ्यात दुकानातल्या मुलाने संगणकाला पर्यायी शब्द विचारले होते. “सर, ‘डूम्ड’ चालेल? लहान आहे, एका ओळीत बसतो.” बसतो खरा, पण मूळचा ‘न्यायनिवाडा’ एवढाच अर्थ असलेला हा जुना इंग्रजी शब्द पुढे इतका काळवंडला, की ‘डूम्ड’ म्हटल्यावर पुढे अपयश, विनाश किंवा मरण यांखेरीज सहसा काही येत नाही. इंग्लंडच्या राजाने 1086 साली जमिनींची जी मोजदाद करवली, तिला लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, कारण अंतिम न्यायाच्या दिवसाप्रमाणे तिच्यातल्या नोंदीवरही अपील नव्हते. म्हणजे तो त्यांचा सातबाराच; फक्त त्यात फेरफार घालून देणारा तलाठी नव्हता. ही माहिती तात्यांना फार आवडली. हातातली झेरॉक्स उलगडून त्यांनी चुलत्याने लावलेल्या नावाची हकिकत सुरू केली, आणि पुतण्याचे लग्न काही काळ बाजूला पडले.

परत आले ते निकाल घेऊनच. “माल डेस्टिन्ड, माणसां बाऊंड. आमची बोट ‘बाऊंड फॉर सिंगापूर’ असायची.” मी सांगितले की तो ‘बाऊंड’ वेगळा, तो जुन्या नॉर्स भाषेतून आला, त्याचा अर्थ ‘सज्ज’, निघायला तयार, आणि त्याच्यापुढे ‘फॉर’ लागतो. ‘टु’ लावला की ‘बांधलेला’ या अर्थाचा, बंधनाचा ‘बाऊंड’ डोके वर काढतो; तो शपथपत्रात शोभतो, लग्नात नाही. निदान पत्रिकेत तरी नाही. तात्या म्हणाले, “तुमी बोटीर खंय होतास?” मुलगा हसला. माझा शब्द आहे तसाच ठेवण्याची स्पष्ट ताकीद देऊन मी निघालो.

पुढचे सगळे माझ्या पाठीमागे घडले. प्रूफ व्हॉट्सअॅपवर वहिनींकडे गेले, वहिनींनी गणपतीचे चित्र नीट आले आहे एवढे पाहून अंगठा पाठवला, आणि छपाई झाली. जाब विचारला तेव्हा मुलगा म्हणाला, “सर, तात्या जग फिरलेत ना!” मी ज्या भाषेचे व्याकरण जन्मभर फळ्यावर घासले, ती बंदरावर पेट्या मोजताना आपोआप येते, असे या गावात सगळ्यांनाच वाटते, आणि याचा मला अजूनही राग आहे. वहिनींनी फोनवर विचारले, “बाऊंड म्हणजे छानच ना हो, भाऊजी?” मी “हो” म्हणालो.

बिलात ‘इंग्रजी करेक्शन’ म्हणून पन्नास रुपये वेगळे लावले होते. ते मीच भरले.